आसेगावचं शिळाछाप

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात रुचिका हिरव्या मिरच्यांची पुडी बांधायला रद्दीतल्या एका जुन्या पुस्तकाचं पान फाडणार, तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"फाडू नका... शिळाछाप हाये ते."

धरलं तसं लगेच सोडलंही. समोर एक उंच, सावळा मुलगा उभा होता. लाजेनं त्याचे कान लाल झाले होते.

शिळाछाप म्हणजे काय, ते त्यानं अडखळत सांगितलं. आधी मजकूर हातानं लिहायचा, तो दगडावर उतरवायचा आणि त्या दगडावरून कागद छापायचे. म्हणून अक्षरं अशी कुणीतरी आत्ताच लिहून उठल्यासारखी.

"दगडावरचं हाये, मंग इतकं हलकं कसं?" तिनं विचारलं.

तो हसला... आणि मिरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गेल्या.

तो किन्हीराजा गावचा, नाव आदर्श. नागपुरात दुर्मीळ पुस्तकांचा व्यापार करणाऱ्या एका शेठजींकडे काम शिकत होता आणि गावोगावची रद्दी धुंडाळत फिरायचा. पुढे दर बाजाराला तो रुचिकाच्या दुकानाशी थांबू लागला. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी घ्यायला त्याला तास लागे. तिचे वडील पुंजाजी गिऱ्हाइकांत गुंतलेले असत, आणि हे दोघं एखादं पान उन्हात धरून बसत. शिलाई जुनी की नवी, कागद खाणारी कसर कुठून शिरते, फाटक्या पानाला चिकटपट्टी का लावायची नाही... ती सगळं ऐकायची, निम्मं त्याच्या बोटांकडे बघत. पान उलटताना तो श्वास रोखायचा. आपल्याकडंही यानं एकदा असंच पाहावं, असं तिला वाटून जाई.

मग आसेगावला पंचफुलाआत्याच्या पेटीत, लुगड्यांखाली, रुचिकाला बागाईतीवरचं एक शिळाछाप सापडलं. लिंबू-डाळिंबाच्या चित्रांसकट, अगदी शाबूत. आदर्श धावत आला. एकेक पान नीट पाहून त्यानं शेठजींना कळवलं. शेठजींनी फोनवर सांगितलं, म्हातारीला कळायच्या आत रद्दीच्या भावात उचल. त्यानं फोन ठेवला आणि आत्याला खरं तेच सांगितलं. अशी प्रत क्वचितच हाती लागते, विकायची घाई करू नका, आणि आमच्या शेठजींना तर देऊच नका.

आत्यानं पुस्तक पुन्हा लुगड्यांखाली ठेवलं. शेठजींनी आदर्शला कामावरून काढलं. जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं शिकायला तो पुण्याला गेला.

त्यानंतर बाजारात जीप थांबली, की रुचिकाची मान आपोआप वर व्हायची. तुरी निघाल्या, हरभरा निघाला. तो फोनवर सांधलेल्या पानांचे फोटो पाठवी. ती बरंच काही लिही, सगळं पुसून टाकी आणि फक्त "छान" एवढंच पाठवी. पुस्तकाला हवा दाखवायच्या निमित्तानं ती उठसूट आसेगावला जाऊ लागली.

"पुस्तकाले हवा देऊन राह्यली, का मनाले?" आत्यानं एकदा विचारलंच. रुचिकानं पुढचं पान उलटलं.

आंबे पिकायच्या सुमारास, एका दुपारी ती ओसरीवर पानं चाळत बसली होती. अंगणात सावली पडली. ती चाल तिच्या ओळखीची होती. मान वर केली तर डोळे भरतील, म्हणून तिनं खालीच पाहून विचारलं,

"पुस्तक पाहाले आले का?"

"त्याचे फोटो हायेत माह्याजवळ." आदर्श थांबला. वाशीमले जुन्या पुस्तकांचं दुकान टाकून राह्यलो, असं काहीसं पुटपुटला, पुन्हा थांबला. "मी... तुले पाहाले आलो, रुचिका."

तुले. आजवर दोघांमध्ये फक्त 'तुमी' होतं. तिच्या बोटांखालून दोन पानं एकदम उलटली.

"पोरगी पाहाले कोनी असं एकटं येते का?" ती म्हणाली, आणि आता मात्र तिनं वर पाहिलं. "मायबापाले घेऊन ये."

तो तसाच उभा राहिला, श्वास रोखून.