दहा दिवसांची पूजा

झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तिथले बाबू हरिभाऊ यांनी पत्र्याच्या ट्रंकेवरचं नाव वाचलं आणि ते खालीच बसले. मधुकर नारायण भागवत, हवाई दल. सोबतच्या कागदावर होतं: शत्रूच्या वाटांचे फोटो काढायला गेलेलं विमान ब्रह्मदेशातल्या आराकानात पडून मृत्यू. घरी महिन्यापूर्वीच तार केली आहे.

महिन्यापूर्वी? शेजारच्या या मधूची बायको कांचन तर काल कुंकू लावून ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला आठवा महिना होता. आधीचे दोन गर्भ गेले होते, हे सगळ्या रेल्वे कॉलनीला ठाऊक.

तारघरच्या नोंदीत तार पोचली होती, शिवरात्रीच्या आठ दिवस आधी. सही मधूच्या वडिलांच्या, नारायणरावांच्या नावाची. शिपाई म्हणाला, "कागज अंदर गया, दस्तखत होके बाहर आया, भैया. हाथ किसका था, क्या मालूम."

म्हणजे घरातल्याच कुणीतरी तार गिळली होती. हरिभाऊ आधी संतापले. भागवतांच्या घरी पोचेपर्यंत संतापही उरला नाही, नुसतं बधिर वाटत होतं.

नारायणराव मऊरानीपूरला गेले होते. तारेचा उल्लेख टाळून हरिभाऊंनी कांचनला त्या दिवसांबद्दल विचारलं. तिने सपाट आवाजात सांगितलं: विशेष काही नाही. सासूबाईंच्या अंगावर पाल पडली, म्हणून त्यांनी भरदुपारी डोक्यावरून पुन्हा अंघोळ केली. मग गुडघे धरले, म्हणून दहा दिवस देवपूजा तिच्याकडे होती. पाणी मात्र सासूबाईच भरत. शिवरात्रीला मामंजींनी अभिषेक केला, सासूबाई देवळात गेल्या नाहीत.

हरिभाऊ स्वयंपाकघरात गेले. मधूची आई भानुमतीबाई चुलीपुढे होत्या.

"वहिनी, तार तुम्ही घेतलीत," ते हळू म्हणाले. "नारायणरावांना कळलं असतं तर सुतकात त्यांनी अभिषेक केला नसता. कांचन दिवसभर कुंकू लावून वावरते. उरलात तुम्ही. विहिरीवरून घागरी आणणारे गुडघे देवापुढेच कसे दुखले? तुम्ही सुतक पाळत होतात. तार लपवलीत, पण पोराच्या नावाची अंघोळ चुकवणं तुमच्याच्याने झालं नाही."

भानुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. "चुलीत घातली तार," त्या म्हणाल्या. "तिचं बाळ एकदा हातात येऊ दे, मग सांगणार होते. पण तिच्या हातून सुतकात देव पुजवले, ते पाप माझं."

"नाही पुजले."

दारात कांचन उभी होती.

"एवढ्या थंडीत पाल कुठून पडणार, आई? ती अंघोळ कुणाच्या नावाची, ते मला तेव्हाच कळलं. देवघराचं दार लावून दहा दिवस मी नुसती बसत होते. देवांना हात लावला नाही. कुंकू पुसलं असतं तर तुम्ही कोसळला असता."

भानुमतीबाईंनी पाट सरकवला. कांचन पोट सांभाळत त्यांच्याशेजारी बसली. कुणी रडलं नाही.

मग तिने हरिभाऊंना विचारलं, "ट्रंक आली असेल ना?"

"आली."

"संध्याकाळी पाठवा, काका. तोवर मामंजी येतील. त्यांना मीच सांगते."