झाडलेल्या वाळूवरची पावलं

“थांबा... तो पाय खाली ठेवू नका.”

वज्दी एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिला. समोर खजुरीचा झाडू घेतलेली ओल्फा, आणि मागे तिच्या अंगणभर त्याच्या बुटांचे ठसे. वाळवंटाच्या कडेच्या दूझ गावात घराभोवतीची वाळू संध्याकाळी झाडून सारखी करतात. रात्री कोण सरपटत गेलं ते सकाळी पाहायचं. या शहाण्याने तर सगळंच तुडवून ठेवलं होतं.

“आता रात्री कोण आलं होतं, कसं कळणार मला?”

“सकाळी मी आलो, एवढं कळलं ना?” तो हसला. मेलं ते हसू!

तो समुद्रकाठच्या स्फाक्स शहरातून आला होता. मुलांसाठी प्राण्यांच्या चालींची छोटी चित्रफीत करायची होती, आणि शाळेत शिकवणाऱ्या ओल्फाची मदत हवी होती. मग रोज तिच्या आईच्या पुदिन्याच्या चहावर बेत शिजू लागला. आधी उंट, एका अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकणारा. मग टुणटुण उड्या मारणारा वाळवंटी उंदीर. उंटाची चाल ती स्वतः करून दाखवी, आणि तो चहा विसरून तिच्याकडेच बघत राही.

“आणि शेवटी शिंगवाला साप,” एकदा तो म्हणाला. “तिरका तिरका जाणारा.”

ओल्फाने चहाचा पेला खाली ठेवला. तिचे वडील तसाच साप चावून गेले होते. तिने सांगितलं, विनवलं, शेवटी भांडलीसुद्धा. त्याविना चित्रफीत अपुरी राहील, एवढंच त्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो एकटाच गेला. कळताच ती धावत सुटली. टेकाडावर बुटांचे ठसे होते, आणि त्यांच्या पुढे वाळूवर तिरक्या रेघा. हा वेडा रेघांच्या मागे मागे गेला होता. त्याच्या ठशांवर पाय टाकत तीही निघाली.

वज्दी कॅमेरा चालू ठेवून निवांत बसला होता. “रेघा इथेच संपल्या,” तो म्हणाला. “साप गेला कुठे कोण जाणे.”

रेघा संपतात तिथेच तो असतो, वाळूत पुरलेला. ओल्फाने पाहिलं... वज्दीच्या टाचेपासून वीतभरावर दोन शिंगं.

“वज्दी, हलू नकोस. बोलूही नकोस.”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती जागीच थिजली. पावलाच्या हादऱ्याने साप डिवचला गेला असता, पुढे जायची सोय नव्हती. उरला होता फक्त आवाज.

“माझ्याकडे बघ. ऊन चढलं की तो सावलीला जाईल. तोवर ऐक... तुला काही झालं तर मी कुणासाठी झाडू रे अंगण? मला तू हवा आहेस. जिवंत हवा आहेस.”

त्याचे डोळे भरून आले, पण पापणीही हलली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग वाळू थरथरली, आणि साप तिरका तिरका झुडपाकडे निघून गेला. ओल्फा त्याच्याकडे धावली आणि हमसून हमसून रडली.

चित्रफितीत शेवटी तोच साप आला. त्यावरचा तिचा आवाज मात्र वज्दीने काढून स्वतःजवळ ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी तो आपल्या आईवडिलांना घेऊन मागणी घालायला आला, आणि झाडलेल्या वाळूच्या कडेशीच थबकला.

“पाय ठेवू?”

ओल्फाने आधी सगळं अंगण नीट न्याहाळलं. भीती काही गेली नव्हती, ती जाणारही नव्हती.

“ठेव,” ती म्हणाली. “पण रोज माझ्या नजरेसमोर.”