दक्षचं शून्य

भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका पुन्हा सरकला होता. काल तो खडूच्या रेघेवर होता, आज चांगला बोटभर खाली.

“हे दक्षचंच काम!” जुई पुटपुटली.

दक्ष हा चंद्रावरच्या भुयारी वसाहतीची देखभाल करणारा यंत्रमानव. शाळेच्या वर्गातल्या खांबाला तडा गेला होता. त्यावर लक्ष ठेवायचं कामही त्याचंच. जुईची आत्या सुमेधा खडकांचा अभ्यास करायची. तिने त्या तड्याच्या दोन्ही कडांवर टेकेल असा इवलासा आरसा बसवला होता. दिव्याचा किरण आरशावर आपटून समोरच्या भिंतीवर ठिपका उमटवत असे.

“दक्ष, खरं सांग, आरशाला हात लावलास?”

“नाही. तडाही वाढलेला नाही. बदल शून्य.”

जुईला मुळीच पटलं नाही. तिने दक्षला बाहेर घालवलं, वर्गाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी उघडून पाहते तर ठिपका आणखी खाली!

ती धावतच आत्याकडे गेली. “आत्या, दक्ष खोटं बोलतोय. तडा वाढतोय!”

आत्याने दक्षला बोलावलं. “तुला कळणारा सगळ्यात लहान बदल केवढा?”

“केसाच्या जाडीएवढा. त्याहून कमी असेल तर मी शून्य लिहितो.”

“म्हणजे तो खोटं बोलत नाही, जुई. त्याला ते दिसतच नाही. ही जुन्या शास्त्रज्ञांची युक्ती बघ, प्रकाश-तरफ (किरणाचाच लांब दांडा करून बारीक हालचाल मोठी दाखवणारी रचना). तड्याची एक कड जराशी खचली की आरसा कलतो. आरसा कलेल त्याच्या दुप्पट किरण वळतो. आणि भिंत आरशापासून जितकी दूर, तितका ठिपका जास्त सरकतो.”

“मग आपला वर्ग?”

“खांब रोज खचतोय. आत्ताच्या आत्ता रिकामा करायचा!”

“एका ठिपक्यासाठी एवढी धावपळ?” वसाहतप्रमुख कुरकुरले. पण त्याच आठवड्यात खांब फुटला आणि छताचा मोठा तुकडा रिकाम्या बाकांवर कोसळला.

ढिगाऱ्यापाशी दक्ष म्हणाला, “मी नोंद बदलतो. ‘शून्य’ नाही, ‘मला दिसलं नाही’.”

जुईला त्याच्यावर संशय घेतल्याचं वाईट वाटलं. “चल,” ती म्हणाली, “नव्या बोगद्यात आरसा बसवू. तू धर, मी दिवा लावते.”

जाता जाता तिने सोबत निघालेल्या आत्याला विचारलं, “आत्या, अख्खा चंद्र थरथरला तर तेही कळेल?”

“त्याला आणखी नाजूक यंत्र लागेल,” आत्या हसली. “ते तू बनव.”