खाडीच्या चित्रातली बाई

“माझ्या चित्रात कोणीतरी शिरलंय,” अनुजा केरकर म्हणाली. आपण काय बोललो ते स्वतःलाच ऐकू आल्यासारखी ती मग ओशाळली.

शर्मिला धुरीनं कोकम सरबताचा पेला तिच्यापुढे सरकवला. विमा कंपनीच्या तपासाचं काम सोडून तिनं कुडाळच्या बाजारात स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. काजूच्या गोण्या, होड्यांची इंजिनं, एकदा तर देवळातली समई, असल्या चोऱ्या तिच्याकडे येत. चित्रात शिरलेलं माणूस पहिल्यांदाच आलं होतं.

“नीट सांग. चित्र कसलं?”

“आरोंद्याच्या खाडीचं. कॉम्प्युटरवर केलेलं. काय हवं ते मी शब्दांत लिहिते, तो चित्र तयार करतो. पहिल्यांदा दिली ती खाडी आमची नव्हतीच. पाणी निळंशार, माड सगळे एका मापाचे. तेव्हापासून एकेक बदलत मी ती आरोंद्याची करत आणली. पाण्याचा रंग, कांदळवन, आमच्या घराची मागची बाजू. होडीतून किनाऱ्याकडे बघावं, तसं आहे ते. रविवारी वेंगुर्ल्याच्या गॅलरीत प्रदर्शन आहे. आज संध्याकाळी फाईल छपाईला द्यायचीय.”

“आणि?”

“रोज दुपारी मी गॅलरीत जाते. परत येते तर चित्रात नवीन काहीतरी. आधी कांदळवनाच्या जागी दगडी पायऱ्या. मी पुसल्या, तर पुन्हा आल्या. मग उंडीचं झाड. आणि काल ही.” तिनं मोबाईल पुढे केला.

पायऱ्यांवर एक बाई उभी होती. हिरवी साडी, कडेवर मूल, दुसरा हात डोळ्यांवर आडवा, लांबचं बघताना धरतात तसा.

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या गुरुप्रसादनं मान लांब करून पाहिलं. तो शर्मिलाचा नवरा. एसटीतून निवृत्त झाल्यापासून तिची गाडी चालवायचा आणि तिच्याआधी गुन्हेगार शोधून काढायचा. आजवर एकदाही बरोबर शोधलेला नव्हता.

“संशय कोणावर आहे?” शर्मिलानं विचारलं.

अनुजाचा आवाज खाली गेला. “सर्वेशवर. आमचं लग्न ठरलंय. ठरलं होतं. तो जलरंगात काम करतो. यंत्राच्या चित्रात माणसाचा हात दिसत नाही, असं म्हणतो नेहमी. काल मी त्याला सांगितलं, पुन्हा घरात पाऊल टाकू नकोस.”

“कोणी पाहिलं त्याला?”

“नाही. पण दुसरं आहे कोण? घरात आत्या आणि बाबा. आत्याला मोबाईलसुद्धा धड लावता येत नाही. बाबांना दोन वर्षांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक ‘बरा’ एवढंच म्हणतात, काहीही विचारा. डॉक्टर म्हणाले, फारसं कळत नसावं. बोलायला शिकवणाऱ्या बाई येत होत्या, त्याही आम्ही बंद केल्या.” तिला काहीतरी आठवलं. “आणि हो, दर वेळी माझी खुर्ची पार भिंतीला लावलेली असते. बसतसुद्धा नाही तो. उभ्या उभ्या चित्र बिघडवतो आणि जातो.”

गाडीत बसताच गुरुप्रसाद म्हणाला, “ह्या त्या चित्रकाराचाच काम.”

“तुमी रस्त्यार बघा,” शर्मिला म्हणाली.

अनुजाचं घर खाडीच्या अगदी काठाला होतं. तिची कामाची खोली मागच्या बाजूला, आणि तिच्यापलीकडे पाण्याकडे उघडणारी पडवी. खोलीत शिरताना उंबरठ्यावर टाकलेल्या उतरत्या फळीला गुरुप्रसाद अडखळला आणि थेट कॉम्प्युटरच्या टेबलावर जाऊन आदळला.

“लागलं का काका?” अनुजा धावली. “बाबांच्या चाकाच्या खुर्चीसाठी टाकलीय ती फळी. आत्या त्यांना याच खोलीतून पडवीत नेते.”

“तुझ्या कामाच्या वेळी ते कुठे असतात?”

“आधी इथेच शेजारी बसवायचे. मी काम करताना मोठ्यानं बडबडते. आता ब्रश घेते, आता हे पुसते, असं. ते बघत बसायचे. पण अलीकडे कॉम्प्युटरच्या पडद्याला हात लावायला लागले. काम अडायचं. म्हणून हल्ली पडवीतच.”

भिकाजी केरकर पडवीत पाण्याकडे तोंड करून बसले होते. जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाचे खांदे अजून रुंद होते. शर्मिला वाकून त्यांच्या पाया पडली. उजवा पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पाटीवर होता, डावा जमिनीवर. उजव्या पायातली चप्पल कोरी होती. डावीचा तळ झिजून पातळ झाला होता.

“कसे आहात, काका?”

“बरा,” ते म्हणाले आणि तिच्याकडे पाहत राहिले. ती उठून आत गेली, तरी त्यांची नजर तिच्या पाठीवर होती.

अनुजानं चित्र उघडलं. पडदाभर खाडी पसरली. गुरुप्रसाद नकळत म्हणाला, “वा!”

“हे बदल करतात कसे?” शर्मिलानं विचारलं.

“दोन प्रकारे. एक म्हणजे शब्द लिहून. मी तसंच करते, मला चित्र काढता येत नाही. दुसरं म्हणजे या पॅडवर पेननं कच्चं रंगवायचं, बाकीचं कॉम्प्युटर पुरं करतो. खालचे कच्चे फराटे तसेच राहतात. बघा.”

तिनं वरचा थर काढला. पायऱ्यांच्या आणि बाईच्या जागी थरथरत्या हाताचे रंगाचे फराटे होते. सगळे तिरके, वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरलेले.

“पॅड कोणाचं?”

“सर्वेशनंच दिलेलं,” अनुजा पुटपुटली.

गुरुप्रसादनं बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं.

यशोदाआत्या चहा घेऊन आली. शर्मिलानं अनुजाला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं आणि आत्याला जवळ बसवलं.

“आत्या, दुपारचा घरात कोण येता?”

“कोण येवक नाय नि जावक नाय. जेवल्यार दादाक पडवीत बसयतंय आणि मी वायच आडवी होतंय.”

“ह्या चित्र बघलास?”

“माका काय कळता त्यातला?” आत्यानं चष्मा लावला, पडद्याकडे झुकली आणि तिच्या उजव्या हातातली किटली कलंडता कलंडता राहिली. “अगो बाय! हो आमचो धक्को! पुरात गेलो तो. अनु तेवा रांगाक लागलेली. त्याच वर्सा वयनी गेली. आणि ही... ही वयनीच. कोणी काढल्यान ह्या?”

“ती अशी उभी ऱ्हवायची?”

“आमच्या देखत ती कधी धक्क्यार गेली नाय. लाजेन. दादा बोटीवरसून घराक येय, त्या दिसाक तेवढी. अनूक कडेर घेवन एकटीच जाय. मी मागल्या दारातसून तिची पाठ बघलंय, बस.” आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

“अनुजाक आताच सांगा नकात,” शर्मिला म्हणाली. “सांजपर्यंत थांबा.”

वेंगुर्ल्याच्या रस्त्याला गुरुप्रसादनं मत बदललं. “म्हातारीच ती. तिका धक्को आठावता.”

“आणि किटली पाडूक इली ती कित्या?”

“नाटक!”

“अहो, स्वतःच काढलेला चित्र बघून कोण इतक्या दचाकता?”

सर्वेश वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर होड्या रंगवत बसला होता. अनुजाचं नाव काढताच त्याचा हात थांबला.

“मी केलं असं तिला वाटतं ना? वाटू दे.”

“तुम्ही नाही केलं?”

“नाही. सुरुवातीला हसलो मी त्या चित्राला. पण महिनोन्‌महिने ती एका पाण्याच्या रंगासाठी बसायची ना, रोज खाडीवर जाऊन बघून यायची, ते बघून मला ते चित्र आवडायला लागलं. तिला सांगायचं राहून गेलं. आता ती ऐकायलाच तयार नाही.”

“यांचं एक चित्र काढाल? पटकन.”

गुरुप्रसाद तडक पोट आत घेऊन उभा राहिला. सर्वेशनं उजव्या हातानं पेन्सिल उचलली. बघता बघता गुरुप्रसादची टोपी, नाक आणि आत घेऊनही न लपलेलं पोट कागदावर उतरलं. सावली देताना पेन्सिलीच्या रेषा सरसर पडत होत्या, वरून उजवीकडून खाली डावीकडे.

“झकास! आता तुम्ही आमच्याबरोबर आरोंद्याला यायचं,” शर्मिला म्हणाली.

“तिनं येऊ नको म्हणून सांगितलंय.”

“मी या म्हणतेय.”

वाटेत ती गॅलरीत डोकावली. गॅलरीचा मालक दत्तप्रसाद शिडीवर चढून दिवा फिरवत होता. अनुजाचं नाव ऐकताच तो वळला.

“फाईल आणलीत? नाही? बाई, छपाईवाला माझा जीव खाईल!”

“चित्रात माणूस असावं, असं तुम्ही अनुजाला म्हणाला होतात?”

“शंभरदा. नुसतं पाणी आणि झाडं किती वेळ बघणार लोक? ऐकत नाही. रोज दुपारी इथे येते, आम्ही दोघं मिळून दिवे लावतो, आणि रोज दुपारी याच्यावरून आमचं भांडण.”

“रोज? अगदी कालसुद्धा?”

“कालसुद्धा. हवं तर तिलाच विचारा.”

शर्मिलानं मान हलवली. बाहेर येताना तिनं गुरुप्रसादच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “आता ह्याचा नाव घेव नकात. दुपारचो तो अनुजाच्या समोरच आसता.”

उन्हं कलली तेव्हा सगळे केरकरांच्या पडवीत जमले. सर्वेश खांबापाशी अवघडून उभा होता. अनुजा त्याच्याकडे बघत नव्हती. भिकाजी नेहमीच्या जागी.

“अनुजा, तुझं एक चुकलं,” शर्मिलानं सुरुवात केली. “खुर्ची सरकवलेली असते, म्हणून तू म्हणालीस, तो उभा राहून काम करतो. पण उभ्यानं काम करणारा खुर्ची जराशी मागे ढकलेल. ती दर वेळी भिंतीला नेऊन कशाला लावेल?”

“मग कशाला?”

“त्या जागी दुसरी खुर्ची लावायची असते म्हणून.”

आत्याचा हात तोंडाकडे गेला.

“आता फराटे. उजव्या हाताचा माणूस तिरक्या रेषा मारतो, त्या उजवीकडून डावीकडे उतरतात. सर्वेशच्या तशाच उतरतात. मी बघितल्या. तुझ्या चित्रातल्या उलट्या आहेत, डाव्या हाताच्या. आत्याही उजव्या हाताच्या, आणि चित्र बघून त्या खरोखर दचकल्या. दत्तप्रसाद दुपारी तुझ्यासमोर असतात. या घरात डाव्या हातानं सगळं करणारं माणूस एकच आहे.”

“पण बाबा...” अनुजानं वडिलांकडे पाहिलं. “बाबांना खुर्ची ढकलायला माणूस लागतो.”

“असं तुम्हाला वाटतं. त्यांच्या चपला बघ. उजवी कोरी आहे आणि डावीचा तळ झिजलाय. बसून राहणाऱ्याची चप्पल झिजते कशी? आत्या झोपल्या की ते डाव्या हातानं चाक फिरवतात, डाव्या पायानं जमीन रेटतात. फळी तुम्हीच टाकून दिलीत. तू घरी यायच्या आत परत पडवीत. चित्र कसं बदलायचं ते तूच शिकवलंस, शेजारी बसवून, मोठ्यानं बडबडत.”

“त्यांना कळत नाही, डॉक्टर...”

“शब्द गेलेत त्यांचे. समज गेलेली नाही. म्हणून तुझ्यासारखं लिहून त्यांनी काहीच केलं नाही. केलं ते सगळं रंगवून केलं.”

“पण चित्र कशाला बिघडवायचं?”

“बिघडवलं नाही. तुझं चित्र होडीतून बघतानाचं आहे ना? त्या पायऱ्या इथे होत्या, तू रांगत होतीस तेव्हापर्यंत. आणि त्या पायऱ्यांवर ही बाई फक्त एका दिवशी उभी राहायची. बोटीवरून नवरा घरी यायचा त्या दिवशी. आत्यांनी तिची पाठ पाहिलीय. समोरून, पाण्यातून, तिला असं एकाच माणसानं पाहिलंय.”

अनुजा हळूहळू खुर्चीपाशी जाऊन खाली बसली. “ते पडद्याला हात लावायचे,” ती म्हणाली. “मी तो हात उचलून मांडीवर ठेवायचे. रोज ठेवायचे, शर्मिलाताई.”

भिकाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण नजर ढळली नव्हती.

“बाबा, ती आई आहे?”

त्यांनी होकाराची मान हलवली. स्पष्ट, दोनदा.

“आणि कडेवर?”

डावा हात उठला आणि तिच्या डोक्यावर टेकला.

आत्या हुंदके देत होती. गुरुप्रसाद खाडीकडे तोंड करून मोठ्यानं नाक शिंकरत होता.

“शिकवणाऱ्या बाईंना उद्याच फोन कर,” शर्मिला हलकेच म्हणाली. “दोन वर्षं हा माणूस एकट्यानं बोलायची वाट शोधतोय. त्याला सोबत हवी.”

अनुजा उठली. सर्वेशपाशी गेली. “मी...” तिनं सुरुवात केली.

“नंतर,” तो म्हणाला. “आधी त्यांना आत नेऊ या.”

चाकाची खुर्ची टेबलापाशी लागली. अनुजाची खुर्ची या वेळी सर्वेशनं उचलून बाजूला ठेवली आणि पॅड हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून तो गुडघ्यांवर बसला. अनुजानं पेन वडिलांच्या डाव्या हातात दिलं.

भिकाजींनी चित्रातल्या बाईकडे पाहिलं आणि नापसंतीनं मान हलवली. पेनचं टोक साडीच्या काठापाशी नेलं. हिरव्यावर एक जाड लाल रेघ उमटली. ती त्यांच्या मनासारखी झाली नाही. त्यांनी पुन्हा ओढली.

“लाल काठ होतो!” आत्या मागून ओरडली. “दादा, होतो रे होतो! मुंबयसून तूच हाडलेलंस ता लुगडा!”

टेबलावर मोबाईल वाजला. दत्तप्रसादचा होता. छपाईवाला दारात येऊन बसलाय, फाईल कधी येणार, असं तो विचारत होता. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

अनुजा वडिलांच्या हाताकडे बघत होती. तो आता मुलाच्या डोक्यावर टोपडं काढायला लागला होता.

“त्यांना थांबायला सांगा, दत्तप्रसाद,” ती म्हणाली. “चित्र दोघांचं आहे. बाबांचं अजून व्हायचंय.”