फाटकावरची कपूरमाधुरी

रेवाने सेतुमाधवला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तिच्या स्कूटरखाली होता.

अपघात वगैरे काही नव्हता. अंबत्तूरच्या कारखान्यातून ती दुपारी बाहेर पडली, तर भिंतीलगत उभ्या केलेल्या तिच्या स्कूटरखालून दोन पाय बाहेर आलेले – आणि पायांवर जरीकाठाची रेशमी वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर. पेट्रोल चोरणारी माणसं इतकी नटूनथटून येतात हे तिला नवीन होतं.

आधी तिने हिंदीत दरडावलं, मग येत होतं तेवढ्या तमिळमध्ये. पाय हलेनात. तेव्हा ती वैतागून स्वतःशीच मराठीत पुटपुटली, "आता या येड्याला काय पाय धरून ओढू?"

"पाय नको धरूं हो," स्कूटरखालून आवाज आला. "मी चोर नव्हे. मज हें फूल हवें."

मराठीच होती ती. पण जुन्या दफ्तरातला कागद कुणी वाचून दाखवावा तशी, आणि वर प्रत्येक वाक्याच्या शेपटाला तमिळ झोका. पाठोपाठ माणूस बाहेर आला. कपाळाला ग्रीस, मुठीत गवतासारखं काहीतरी. राखाडी-हिरवी पानं, आणि पानापानाशी पांढरी लोकरी फुलं, कापसाचे धागे चिकटवल्यासारखी. सिरुपीळै म्हणतात म्हणे तमिळमध्ये. तो शेजारच्या हॉलमध्ये लग्नाला आला होता, वडिलांना मुतखडा होता, आणि आईचा हुकूम होता की हे झाड दिसेल तिथून आणायचं. कारण ते राहायचे त्या अड्यारचे सगळे फुटपाथ फरश्यांखाली गेल्यापासून तिकडे ते उगवायचं बंद झालं होतं.

मुतखडा हा शब्द त्याने काढायला आणि रेवाच्या कमरेत कळ यायला एकच गाठ पडली. तिलाही तोच आजार होता, गेला महिनाभर. ती त्याच्यासमोर कमरेत वाकली ती वाकलीच. तंजावरच्या जुन्या मराठी घरात वाढलेला तो सभ्य मुलगा. त्याला वाटलं, ही नमस्कार करतेय. त्याने गोंधळून तिला "दीर्घायु व्हा" असा आशीर्वाद दिला.

मग तिचा चेहरा पाहिला आणि वेष्टी सावरत रिक्षा आणायला पळाला.

तर अशी सुरुवात.

डॉक्टरांनी खूप पाणी प्या म्हणून सांगितलं. सेतुमाधवच्या आईने, म्हणजे अलमेलूबाईंनी, पाण्याबरोबर काढाही प्या म्हणून सांगितलं. सिरुपीळै मुळासकट उकळायची, निम्मं पाणी उरलं की गाळायची. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खड्यावर हाच इलाज. रेवा अड्यारमध्येच पीजीत राहायची, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सेतुमाधव शाळेत फिजिक्स शिकवायचा. शाळेत जाता जाता, सकाळीच, तो पीजीच्या फाटकाशी स्टीलचा फ्लास्क घेऊन उभा राहू लागला.

रेवाने शोधून काढलं की आपल्याकडे या झाडाला कपूरमाधुरी म्हणतात. इतकं देखणं नाव, आणि चव म्हणजे पावसात भिजलेलं पायपुसणं. पण ती प्यायची. घोटाघोटाला तोंड वाकडं करत, फ्लास्कच्या झाकणावरून त्याच्याकडे बघत. त्याचे डोळे छान होते. पापण्या तर उगाचच लांब होत्या, पुरुषाला काय करायच्यात एवढ्या… आणि तो मान किंचित कलती करून, जीव लावून, तिच्याकडे बघत राहायचा.

"काल पाणी पुष्कळ प्यालात की?"

"प्यायले."

"सेरी, बरें." मग थोडं थांबून, "एक विचारूं?"

रेवाने केस कानामागे घेतले. "विचारा ना."

"लघवीचा रंग कसा आहे?"

हे असं, रोज. ती नवा कुर्ता घालून खाली यायची, तो फ्लास्क हलवून बघायचा. ती म्हणायची आज हवा किती छान आहे, तो म्हणायचा घाम आला तर पाणी वाढवा. एकदा सरी कोसळत असताना दोघं एकाच छत्रीत उभे होते. त्याचा दंड तिच्या दंडाला लागत होता, दोघांपैकी कुणीही सरकत नव्हतं… आणि तो किडनीतल्या दाबाबद्दल बोलत होता. शास्त्रशुद्ध. वरच्या खिडकीतून पीजीच्या सगळ्या मुली बघायच्या. रेवाची रूममेट कीर्तना म्हणायची, हा माणूस एक तर संत आहे नाहीतर दगड. रेवा म्हणायची, दगडच. माझ्या नशिबात एक पोटात आणि एक फाटकात.

दिवाळीच्या सुमारास पोटातला पडून गेला. सोनोग्राफीवाल्या बाईंनी हसून सांगितलं, "सगळं साफ आहे." रेवा टेबलावर पडल्या पडल्या रडवेली झाली. खडा गेला म्हणजे काढा गेला. काढा गेला म्हणजे फ्लास्क गेला. आणि फ्लास्क गेला म्हणजे…

तिने कुणाला सांगितलंच नाही.

नसलेल्या खड्यासाठी ती रोज काढा पीत राहिली. हा काढा लघवी साफ करणारा. अड्यारहून अंबत्तूर म्हणजे भर ट्रॅफिकमधून तासाभराच्या वरचा रस्ता. वाटेतल्या पेट्रोल पंपांवरची माणसं तिला ओळखायला लागली: रोज घाईने येते, पेट्रोल कधीच भरत नाही. प्रेमात लोक काय काय सोसतात, पण त्या सोसण्याला एक डौल तरी असतो. हेल्मेट घालून "टॉयलेट एंगे" विचारण्यात कसला आलाय डौल.

जानेवारीत नाशिकहून आईचा फोन आला. पुण्यातला मुलगा, भोगीच्या दिवशी बघण्याचा कार्यक्रम, तिकीट काढलंय. रेवाने ठरवलं, आता सरळ सांगून बघायचं. भोगीच्या आदल्या दिवशी तिने फ्लास्क रिकामा करून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "उद्या नका येऊ. पुण्याला चाललेय… मुलगा बघायला."

सेतुमाधवच्या हातातलं झाकण खाली पडलं. गोल फिरत गटारापर्यंत गेलं. रेवा वाट बघत राहिली. बोल, अरे बोल ना आता—

"विमानांत पाणी देतात ना?" तो म्हणाला.

ती तडक वर निघून गेली. जाताना फाटक असं आपटलं की कडी निघाली.

भोगीची सकाळ उजाडली ती धुरातच. गल्लोगल्ली जुन्या चटया, टोपल्या पेटलेल्या; भोगीला जुनं जाळायची इकडची रीत. समोरचं घर दिसेना, विमानंही उशिरा सुटणार होती. पीजीतल्या झाडून साऱ्या मुली पोंगलला गावी निघालेल्या. बॅगा, पिशव्या, कुणाचं कुंडीतलं झाड. आणि फाटकापाशी सगळ्या अडकलेल्या. कारण फाटकाच्या मधोमध कुणीतरी जुडी बांधली होती: कडुलिंबाचा डहाळा, तरवडाची पिवळी फुलं आणि भरगच्च पांढरी सिरुपीळै.

तिला म्हणायचं काप्पु. भोगीला दारावर बांधली की वाईटसाईट आत येत नाही, हे सगळ्यांनाच माहीत. पण पीजीच्या मालकीण विद्यालक्ष्मी मामीही मूळच्या तंजावरच्या मराठी, आणि त्या जुन्या घरांत एक जास्तीचा नियम होता: काप्पु बांधला की पोंगल होईपर्यंत आतल्या माणसाने गाव सोडायचं नाही. मामी दोन्ही हात पसरून फाटकात उभ्या होत्या. कीर्तनाची मदुरैची बस सुटत होती. कुणी ओरडत होतं, कुणी विनवत होतं. मामी एकच विचारत होत्या, बांधलं कुणी?

रस्त्यापलीकडे विजेच्या खांबाआड एक माणूस लपला होता. खांब त्याच्यापेक्षा बारीक असल्यामुळे तो सगळ्यांना दिसत होता.

कीर्तनाने त्याला शर्टाला धरून आणलं.

"तुझ्या आईचा नियम तुज ठाऊक नाहीं?" मामी म्हणाल्या. "इतक्या पोरी अडकवल्यास. कोणासाठी बांधलास तें सांग. ती राहील, बाकीच्या जातील."

सेतुमाधवने घसा साफ केला. सिरुपीळै हे बहुवर्षायू झाड आहे, असं त्याने सुरू केलं. पहिल्या पावसानंतर… इथे कीर्तनाने तमिळमध्ये त्याला सांगितलं की तिची बस चुकली तर ती याच फुलांत त्याला गुंडाळून जाळेल, आज भोगीच आहे.

त्याने मान वर केली. सगळ्या बॅगांवरून, डोक्यांवरून त्याला रेवा दिसली.

"रेवासाठी बांधलें," तो म्हणाला. "रेवा जाऊं नये म्हणून."

"कां जाऊं नये?" मामी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

"मज ती हवी."

धुरामुळे असेल, रेवाचे डोळे चुरचुरले. पण राग काही जाईना. महिने घालवले या माणसाने, महिने. ती बॅग ओलांडून पुढे आली. "हे काल नाही का बोलता आलं?"

"काल फूल नव्हतें. आज पहाटे बाजारांत मिळालें."

"काल नव्हतं? मग काल फ्लास्कमध्ये काय होतं?"

त्याचे कान लाल.

"सेतुमाधव, फ्लास्कमध्ये काय होतं?"

"जिरें," तो अगदी हळू म्हणाला. "कडू लागावें म्हणून करपवलेलें. दिवाळीपासून. रस्त्याच्या कामांत झाडें गेलीं… पुष्कळ शोधलें. अप्पांचा तर खडाही पडला होता, आई म्हणे आतां कशास शोधतोस. पण फ्लास्क नसेल तर मी तुमच्या फाटकाशी यावें कसें?"

"म्हणजे मी रोज अंबत्तूरला जाताना प्रत्येक पंपावर उतरत होते, ते जिऱ्याच्या पाण्यावर?"

"उतरत होतां?" त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. "मग खडा…"

"खडा दिवाळीतच पडला."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आधी तो हसला की आधी ती, यावर पुढे त्यांची बरीच भांडणं झाली.

"म्हणजे खडा नाहीं, काढा नाहीं," मामी फाटक उघडत म्हणाल्या, "आणि रोज सकाळीं हे दोघे उभे राहून माझ्या दूधवाल्याची वाट अडवत होते."

बॅगा धडाधड बाहेर पडल्या. कीर्तनाने पळता पळता रेवाच्या गालाला चिमटा काढला. सेतुमाधवने जुडीतली एक पांढरी काडी सोडवली आणि रेवाच्या स्कूटरच्या हँडलला बांधायला घेतली. गाठ बसेना. मग तिने आपलं बोट गाठीवर दाबून धरलं. त्याने गाठ मारली, बोटासकट.

"सोड ना," ती म्हणाली.

"पोंगल होईपर्यंत सोडायचें नसतें."

तेवढ्यात फोन वाजला. आईच. विमानात बसलीस का, मुलाकडची माणसं वाट बघतायत, त्यांना काय सांगू.

"सांग, मुलगा बघून झाला," रेवा म्हणाली.

"झाला? कुठे बघितलास?"

रेवाने गाठीत अडकलेलं बोट पाहिलं. मग ती गाठ सोडवता येत नसल्यासारखं दाखवणारा तो माणूस पाहिला.

"स्कूटरखाली," ती म्हणाली.