बारावा पट्टा

दार नुसतं लोटा, कडी नको. ही माझ्या एका जुन्या सोबत्याची गोष्ट, पोरांनो, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नव्हता.

आमच्या कारखान्यात जमिनीखालच्या टाक्या साफ करायला माणसं उतरायची. त्यांच्या मनगटाला पट्टे असायचे. विषारी वायू वाढला की ते वाजायचे. नाडी आणि पावलंही मोजायचे. ते पारखून द्यायचं काम सोबत्याचं. नियम असा, की एकेक पट्टा बांधून वायूच्या खोलीत जायचं. हा पठ्ठ्या बारा पट्टे एकाच हातावर चढवून एकदाच जायचा! सगळे एकदम कोकलायचे. त्या गलक्यात बारा ओरडले की अकरा, कोण बघतो?

बारावा गेला त्याच्या दाजींच्या हातावर. दाजी टाकीत उतरले, ते जिवंत वर आले नाहीत.

महिन्याभराने ताईने तो पट्टा त्याच्या पुढ्यात ठेवला. "तूच पारखला होतास ना रे? वाजला असेल का? तेवढं बघून सांग."

त्याच दिवशी, रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी, तो त्याच टाकीत उतरला. तोंडाला काही न बांधता. पट्ट्यावरचे आकडे शून्यावर आणले, तो शिडीच्या तळाशी खिळ्याला अडकवला आणि हात जोडले.

"वाज रे बाबा. एकदाच वाज."

वायूचा वास नाकात भरला. डोकं गरगरलं. पट्टा गप्प.

"वाज की रे मेल्या!" तो ढसाढसा रडला. मग खालीच बसला. ताईला तोंड दाखवण्यापेक्षा इथेच संपलेलं बरं, असं त्याने ठरवून टाकलं.

अंधार...

पट्ट्याची काच उजळली. पावलं, एक.

हात लावला नव्हता कुणी.

दोन...

खिळा रिकामा. आणि त्याच्या काखेत... हात. गार.

"दाजी..." एवढंच तो पुटपुटला.

शुद्धीवर आला तेव्हा तो टाकीच्या तोंडाशी पडला होता. रखवालदार शपथेवर सांगत होता, "मी नाही हो काढलं तुम्हाला. तुम्ही इथेच होतात."

पहाटे तो ताईकडे गेला. "नाही वाजला, ताई. चूक माझीच."

ताईने त्याच्या मुठीतला पट्टा सोडवून घेतला आणि दिव्याखाली धरला.

नाडी शून्य. पावलं चौदा.

त्या टाकीच्या शिडीला चौदाच पायऱ्या आहेत.