झोपवलेली लाइन

हे खरं घडलंय. ज्याला पटत नाही त्याने खुशाल वाचू नये, माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

मी एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्क सांभाळते. माझा सख्खा मोठा भाऊ तिथेच एसीची कामं बघायचा. वीज वाचवायला आमच्या साहेबांनी टूम काढली... ज्या लाइनवरून काही जात नाही, ती झोपवायची. गरज पडली की ती आपोआप जागी होईल म्हणे.

सगळ्यात रिकामी लाइन निघाली मधल्या हॉलच्या धोक्याच्या बटणाची. आत कोणी अडकलं की ते दाबायचं, बाहेर घंटा वाजते.

अहो, ती रिकामीच असणार ना! मी तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाले, नको तिथे डोकं चालवू नका.

मग एक दिवस त्या हॉलमध्ये आग विझवायचा गॅस चुकून सुटला, ज्यात माणूस गुदमरतो. दार अडकलं. दादा आत होता. लाइन जागी झालीच नाही.

घंटा वाजली नाही... दादा गेला.

चौकशीत साहेबांनी बेधडक सांगितलं, त्याने बटण दाबलंच नाही, घाबरून गोंधळला. वहिनी समोर बसून ऐकत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसावर खापर फोडून हा मोकळा! मला एवढंच हवं होतं, की त्याने खरं बोलावं.

पुढे ते बटण काढून टाकलं. वायरही कापली.

आणि त्या दुपारी...

साहेब नवीन मशीन बघायला एकटेच त्या हॉलमध्ये गेले. मी बाहेर स्क्रीनपाशी होते.

एकाएकी पंख्यांची घरघर थांबली.

धाडकन दार लागलं... आणि आत गॅस सुटल्याचा आवाज.

काचेतून साहेब दार बडवताना दिसत होते. मी कार्ड लावलं. दार ढिम्म हललं नाही.

तेवढ्यात... घंटा वाजली.

स्क्रीनवर ती कापलेली लाइन जागी झाली होती.

घंटा ऐकून फाटकावरचे रखवालदार पहारी घेऊन धावले, दार उचकटलं. साहेब उंबऱ्यापाशी पडले होते. एकाने विचारलं, बटण कोणी दाबलं? ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तिथे नुसती स्क्रूची भोकं होती.

"तो दाबत होता," साहेब म्हणाले. "थांबतच नव्हता."

दुसऱ्या दिवशी हा माणूस सावरला आणि म्हणाला, शॉर्टसर्किट असेल. दादाबद्दल चकार शब्द नाही.

मला साहेबांपेक्षा दादाचाच राग आला. काल हॉल रिकामा होता. दार सताड उघडं. उंबऱ्यावर उभी राहून मी विचारलंच, "ज्याने तुला खोटं पाडलं, त्यालाच कशाला वाचवलंस रे?"

घंटा वाजायला लागली.

रखवालदार आले, आत फिरून गेले. घंटा चालूच...

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दादाने साहेबांना वाचवलंच नव्हतं. तो अजून स्वतःसाठीच बटण दाबतोय.

दार उघडं आहे, हे त्याला कसं सांगू?